आयाक्स २०१८-१९: लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबने २०१८-१९ मध्ये डच लीग जिंकली, डच चषक जिंकला आणि चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. बहुतेकांच्या लक्षात त्या उपांत्य फेरीतले शेवटचे काही सेकंदच राहिले आहेत. तो हंगाम समजून घ्यायचा असेल तर जुलैपासून सुरुवात करावी लागते, आणि लीग व युरोप एकत्रच पाहावे लागतात. या पानावर आयाक्सच्या सामन्यांत सगळीकडे आयाक्सचे गोल आधी लिहिले आहेत, सामना घरचा असो वा बाहेरचा.

नाव अजॅक्स की आयाक्स?

डच लोक ‘आयाक्स’ म्हणतात. डचमधला ‘जे’ आपल्या ‘य’सारखा, म्हणून फ्रेंकी ‘डे योंग’. ‘जी’चा उच्चार घशातून ‘ख’सारखा, म्हणून कर्णधार ‘डे लिख्त’ आणि प्रशिक्षक ‘टेन हाख’. एक गोंधळ आधीच मिटवून टाकू: त्या हंगामात दोन डे योंग गाजले. फ्रेंकी आयाक्सचा मध्यरक्षक, लूक प्रतिस्पर्धी पीएसव्हीचा आघाडीवीर. दोघांचं काही नातं नाही.

हंगाम कधी सुरू झाला? एकूण सामने किती?

पहिला अधिकृत सामना २५ जुलै २०१८ ला, शेवटचा १५ मे २०१९ ला. म्हणजे ४२ आठवडे, आणि त्यातही जवळजवळ महिनाभराची हिवाळी सुट्टी. लीगचे ३४, चषकाचे ६ आणि चॅम्पियन्स लीगचे १८ असे एकूण ५८ सामने झाले. युरोपातल्या १८ पैकी ६ पात्रता फेऱ्यांचे, ६ गटसाखळीचे आणि ६ बाद फेऱ्यांचे. शेवटच्या टप्प्यात तर ३१ मार्च ते १५ मे या ४६ दिवसांत १३ सामने खेळावे लागले, साधारण साडेतीन दिवसांना एक.

इतका मोठा क्लब, मग पात्रता फेऱ्या कशाला?

कारण युरोपातल्या जागा देशाच्या क्रमवारीवरून ठरतात, क्लबच्या इतिहासावरून नाही. आयाक्सने युरोपचा सर्वोच्च चषक चार वेळा (१९७१, १९७२, १९७३, १९९५) जिंकला आहे, पण त्याचा इथे उपयोग नसतो. त्या काळात डच लीगची क्रमवारी घसरली होती. २०१७-१८ चा विजेता पीएसव्ही थेट गटसाखळीत न जाता शेवटच्या प्ले-ऑफ फेरीतून आत गेला. उपविजेत्या आयाक्सला दुसऱ्या पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागली: तीन फेऱ्या, सहा सामने, आणि तेही इतर क्लब सराव सामने खेळत असताना.

यातली जोखीम आयाक्सला नेमकी ठाऊक होती. आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, नीसविरुद्ध १-१ आणि २-२ अशी बरोबरी होऊन बाहेरच्या मैदानावरील गोलांच्या नियमाने (बरोबरीत बाहेर जास्त गोल करणारा पुढे) ते चॅम्पियन्स लीगबाहेर गेले. मग युरोपा लीगच्या प्ले-ऑफमध्ये नॉर्वेच्या रोसेनबोर्गकडून हरले. सप्टेंबर उजाडण्याआधीच युरोप संपला होता. आणि हे कुणाच्या बाबतीत, तर त्याच वर्षी मे महिन्यात युरोपा लीगची अंतिम लढत खेळलेल्या संघाच्या बाबतीत. त्या मोसमाच्या मध्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये, प्रशिक्षक मार्सेल कायझर गेले आणि एरिक टेन हाख आले.

२०१८ च्या पात्रता फेऱ्यांत निकाल काय लागले?

ऑस्ट्रियाच्या स्टुर्म ग्राझला २-० आणि ३-१ ने हरवलं. बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजशी बाहेर २-२, घरी ३-०. युक्रेनच्या डायनॅमो कीव्हविरुद्ध घरी ३-१, बाहेर ०-०.

यातला पहिला अडथळा सर्वांत धोक्याचा होता. ग्राझकडून हरले असते तर युरोपा लीगच्याही पात्रता फेरीत उतरावं लागलं असतं. तो पार केल्यावर किमान युरोपा लीगच्या गटसाखळीतली जागा पक्की झाली. म्हणून २५ जुलैच्या त्या सामन्याचं मोल नंतरच्या कुठल्याही गटसामन्याइतकं मानावं लागतं, जरी त्याची चित्रफीत फारसं कुणी पाहत नाही.

हा संघ निव्वळ अकादमीतल्या पोरांचा होता, हे खरं आहे का?

अर्धं खरं. मथाइस डे लिख्त, डॉनी व्हान डे बेक, नुसेर मझरावी, योएल व्हेल्टमान आणि डेली ब्लिंट हे आयाक्सच्या ‘डे टोकोम्स्ट’ या प्रशिक्षण केंद्रातून आलेले. डच भाषेत या नावाचा अर्थच ‘भविष्य’. पण ब्लिंट मधली चार वर्षं मँचेस्टर युनायटेडमध्ये खेळून परतला होता, आणि त्याला परत आणायला क्लबने १ कोटी ६० लाख युरो मोजले.

बाकीचे बाहेरून आणलेले. गोलरक्षक आंद्रे ओनाना २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या युवा संघातून आला. फ्रेंकी डे योंगही त्याच वर्षी, विलेम टू या डच क्लबकडून. हकीम झियेच ट्वेंटेकडून (२०१६), डाव्हिद नेरेस ब्राझीलच्या साओ पावलोकडून (२०१७), निकोलास ताग्लियाफिको अर्जेंटिनाच्या इंडिपेन्डिएन्तेकडून (जानेवारी २०१८). लासे शोने तर २०१२ पासून संघात होता आणि या हंगामात तिशी ओलांडलेला होता.

सर्वांत महत्त्वाची खरेदी २०१८ च्या उन्हाळ्यातली. साउथॅम्प्टनकडून दुशान टाडिच सुमारे १ कोटी १४ लाख युरोंना आला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. तरुण खेळाडू घडवून विकण्यावर चालणाऱ्या क्लबने परत विकता न येणाऱ्या वयाचे खेळाडू चांगले पगार देऊन घ्यायचे, हा धोरणातला मोठा बदल होता. क्रीडा संचालक मार्क ओव्हरमार्स आणि मुख्य कार्यकारी अधिकारी एडविन व्हान डर सार यांनी तो केला. आमच्या मते त्या हंगामाचं खरं बीज इथे आहे: १९ वर्षांचा कर्णधार गाजला, पण त्याच्या शेजारी ब्लिंट आणि पुढे टाडिच नसते तर संघ मार्चपर्यंत टिकला नसता.

ते नेमके कसे खेळत? दिसायला सोपं वाटतं, मग इतरांना का जमत नाही?

कागदावर मांडणी ४-२-३-१, मागून पुढे. मागे मझरावी किंवा व्हेल्टमान, डे लिख्त, ब्लिंट, ताग्लियाफिको. त्यांच्या पुढे शोने आणि डे योंग. मध्ये व्हान डे बेक, उजवीकडे झियेच, डावीकडे नेरेस, टोकाला टाडिच.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, चेंडू मागून सुरू होताना डे योंग ब्लिंटच्या डावीकडे खाली येतो. ताग्लियाफिको वर सरकतो. मग डे योंग पास देण्याऐवजी स्वतः चेंडू घेऊन पहिल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरून निघतो. एक माणूस असा मागे पडला की पुढची सगळी गणितं बदलतात.

दुसरी, टाडिच ठराविक सेंटर फॉरवर्डसारखा गोलाजवळ उभा राहत नाही. तो मधल्या फळीत उतरतो, पाठ गोलाकडे ठेवून चेंडू अडवून धरतो, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत व्हान डे बेक मागून धावत शिरतो. टाडिच सुरुवातीला डाव्या बाजूला खेळत होता. त्याला मध्ये आणल्यावर कास्पर डोलबर्ग आणि क्लास-यान हुंटेलार हे दोन अस्सल सेंटर फॉरवर्ड मोठ्या युरोपीय सामन्यांत बाकावर बसू लागले.

तिसरी, चेंडू गमावल्याबरोबर तिथेच तो परत मिळवण्यासाठी चार-पाच जण झडप घालतात. ही झडप चुकली की सगळं बिघडतं. दोन्ही बाजूंचे बचावपटू वर असतात, बचावफळी मैदानाच्या मध्याजवळ उभी असते, ब्लिंट वेगवान नाही. दुसरा धोका उंच चेंडूंचा. संघात डे लिख्त सोडला तर हवेतले चेंडू हक्काने जिंकणारा माणूस नव्हता. मे महिन्यात हेच नडलं.

गटसाखळीत बायर्नला हरवलं होतं का?

नाही, पण हरलेही नाहीत. गट ‘ई’मध्ये बायर्न म्युनिक, बेनफिका आणि एईके अथेन्स होते. एईकेविरुद्ध ३-० आणि २-०. बायर्नशी म्युनिकमध्ये १-१, गोल मझरावीचा. बेनफिकाविरुद्ध घरी १-०, तोही मझरावीचाच, भरपाई वेळेत. लिस्बनमध्ये १-१. शेवटी १२ डिसेंबरला अ‍ॅमस्टरडॅममध्ये बायर्नशी ३-३: आयाक्सचा माक्सिमिलियन व्योबर आणि बायर्नचा थॉमस म्युलर दोघांना लाल कार्ड, टाडिचचे दोन गोल, ९० व्या मिनिटाला कोमानने बायर्नला पुढे नेलं आणि भरपाई वेळेत ताग्लियाफिकोने बरोबरी साधली. बायर्न १४ गुण, आयाक्स १२, बेनफिका ७, एईके ०. सहा सामन्यांत एकही पराभव नाही.

जानेवारी २०१९ मध्ये काय बिघडलं?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. हिवाळी सुट्टीत संघ अमेरिकेत फ्लोरिडाला गेला, तिथे ब्राझिलियन संघांशी सामने खेळला. परतल्यावर २० जानेवारीला घरी हेरेनव्हेनशी ४-४. २७ जानेवारीला रॉटरडॅममध्ये फेयेनूर्दकडून २-६, त्यात पस्तिशीतल्या रॉबिन व्हान पर्सीचे दोन गोल. ९ फेब्रुवारीला हेराक्लेसकडून ०-१. संपूर्ण लीगमध्ये आयाक्सने ३२ गोल खाल्ले, त्यातले ११ या तीन सामन्यांत. एक तृतीयांशाहून अधिक.

कारण वर सांगितलं तेच: झडप अर्ध्या सेकंदाने उशिरा पडत होती आणि बचावफळी मात्र तशीच उंच उभी होती. एकाची चूक नव्हती, अकरा जणांमधलं अंतर वाढलं होतं. २३ जानेवारीला डे योंगच्या बार्सिलोनाला जाण्याची घोषणाही झाली, ७ कोटी ५० लाख युरो आणि वर १ कोटी १० लाखांपर्यंतच्या अटी. तो हंगाम संपेपर्यंत आयाक्समध्येच राहणार होता. घोषणेमुळे तो ढेपाळला असं म्हणायला मैदानावर काही आधार सापडत नाही.

हेराक्लेसकडून हरल्यानंतर चारच दिवसांनी, चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या बाद फेरीत, रेआल माद्रिद दारात उभं होतं.

माद्रिदविरुद्धचा ताग्लियाफिकोचा गोल का रद्द झाला?

१३ फेब्रुवारी, पहिला सामना, अ‍ॅमस्टरडॅम. कॉर्नरवर डे लिख्तचा हेडर गोलरक्षक कूर्त्वाच्या हातून निसटला आणि ताग्लियाफिकोने डोक्याने तो जाळ्यात टाकला. पंच दामीर स्कोमिना यांनी बाजूच्या पडद्यावर जाऊन पाहिलं: टाडिच ऑफसाइड जागेत, कूर्त्वाच्या अगदी पुढ्यात. गोल करणारा ऑफसाइड असण्याची गरज नसते. ऑफसाइड जागेतला सहकारी गोलरक्षकाच्या आड आला तरी पुरे. व्हिडिओ पंचांची पद्धत चॅम्पियन्स लीगमध्ये नुकतीच, याच बाद फेरीपासून सुरू झाली होती, आणि तिने रद्द झालेला हा त्या स्पर्धेतला पहिला गोल. (डच लीगमध्ये ती त्या हंगामाच्या सुरुवातीपासूनच होती, त्यामुळे आयाक्सला ती नवी नव्हती.) सामना १-२ असा गेला: बेन्झेमा, मग झियेचची बरोबरी, ८७ व्या मिनिटाला आसेन्सिओ.

मग माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानात ४-१ कसं झालं?

५ मार्चला आयाक्सला किमान दोन गोल हवे होते. सातव्या मिनिटाला झियेच, अठराव्याला नेरेस. दोन्ही गोलांची सोय टाडिचने केली. ६२ व्या मिनिटाला तिसरा गोल टाडिचचाच, वरच्या कोपऱ्यात. याआधी मझरावीने चेंडू बाजूच्या रेषेजवळ घसरत अडवला होता, तो पूर्ण बाहेर गेला होता का हे बराच वेळ तपासलं गेलं. चेंडू पूर्णपणे रेषेपार गेल्याचं सिद्ध होत नव्हतं, गोल राहिला. नियम असा की चेंडूचा तसूभर भाग जरी रेषेच्या वर असेल तरी तो खेळात असतो. आसेन्सिओने एक फेडला, पण दोनच मिनिटांत शोनेची डावीकडून फ्री किक कूर्त्वाच्या डोक्यावरून थेट जाळ्यात गेली. एकत्रित ५-३.

माद्रिद सलग तीन वर्षांचा विजेता होता. त्यांचा कर्णधार सर्जिओ रामोस त्या रात्री निलंबित असल्याने खेळलाच नाही. पहिल्या सामन्यात त्याने मुद्दाम पिवळं कार्ड ओढवून घेतलं, उपांत्यपूर्व फेरीला पाटी कोरी असावी म्हणून. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने मुद्दाम घेतलेल्या कार्डासाठी त्याची बंदी दोन सामन्यांची केली. टाडिचला फ्रेंच दैनिक ‘लेकिप’ने त्या सामन्यासाठी दहापैकी दहा गुण दिले, जे ते क्वचितच देतात.

त्याच वेळी लीगमध्ये काय चाललं होतं?

घसरण. बर्नाबेउनंतर बारा दिवसांनी, १७ मार्चला, एझेड या डच क्लबकडून ०-१ असा पराभव झाला आणि आयाक्स पीएसव्हीच्या पाच गुण मागे पडलं. आठ सामने उरले होते. तोवर झालेले चारही पराभव बाहेरच्या मैदानांवरचे: सप्टेंबरमध्ये पीएसव्ही (०-३), मग फेयेनूर्द, हेराक्लेस, एझेड.

३१ मार्चला पीएसव्ही अ‍ॅमस्टरडॅमला आला. हरले असते तर अंतर आठ गुणांचं झालं असतं, म्हणजे लीग संपलीच असती. पीएसव्हीच्या बचावपटूच्या स्वयंगोलाने आयाक्सला आघाडी मिळाली, मझरावीला लाल कार्ड, दहा जण उरले, लूक डे योंगची बरोबरी. तिथून टाडिचची पेनल्टी आणि शेवटी नेरेस. ३-१. आमच्या दृष्टीने हा त्या हंगामातला सर्वांत मौल्यवान विजय, माद्रिदपेक्षाही. माद्रिदला हरवून कीर्ती मिळाली. पण हा सामना गेला असता तर लीगही गेली असती.

त्यानंतर आयाक्सने उरलेले सगळे लीग सामने जिंकले, म्हणजे हा धरून शेवटचे आठच्या आठ. पीएसव्हीने मधे गुण टाकले. १२ मे रोजी आयाक्सने उट्रेख्तला ४-१ ने हरवलं आणि त्याच वेळी पीएसव्ही एझेडकडून हरला. दोघे बरोबरीत होते, आता आयाक्स तीन गुण पुढे आणि गोलफरकात डझनाहून अधिक गोलांनी वर. डच लीगमध्ये गुण समान झाले तर गोलफरक पाहतात, त्यामुळे गणित जवळजवळ सुटलं होतं. १५ मे रोजी डुटिनखेममध्ये डे ग्राफस्खापवर ४-१ ने शिक्कामोर्तब झालं.

अंतिम आकडे: आयाक्स ३४ सामने, २८ विजय, २ बरोबरी, ४ पराभव, ११९ गोल केले, ३२ खाल्ले, ८६ गुण. पीएसव्ही ८३ गुण.

फक्त दोनच बरोबरी? दुसरी कुठली?

११ ऑगस्टची, लीगच्या पहिल्याच फेरीत, हेराक्लेसशी घरी १-१. स्टँडर्ड लिएजविरुद्धच्या दोन लढतींच्या मधल्या शनिवारी. म्हणजे एकट्या हेराक्लेसने आयाक्सचे पाच गुण खाल्ले.

युव्हेंटसविरुद्ध नेमकं काय घडलं?

उपांत्यपूर्व फेरीत १० एप्रिलला घरी १-१: मध्यंतराच्या तोंडावर रोनाल्डो, मध्यंतर संपताच पहिल्या मिनिटात नेरेस. १६ एप्रिलला तुरिनमध्ये ताग्लियाफिको कार्डांमुळे बाहेर होता, म्हणून मझरावीला डावीकडे लावलं. तो अकराव्या मिनिटाला दुखापतीने गेला आणि डाली सिंकग्राव्हन आला. २८ व्या मिनिटाला पुन्हा रोनाल्डो. सहा मिनिटांत व्हान डे बेकने बरोबरी साधली. ६७ व्या मिनिटाला शोनेच्या कॉर्नरवर डे लिख्तने दोन बचावपटूंच्या वर उडी घेत हेडर मारला. २-१, एकत्रित ३-२. आयाक्स १९९७ नंतर पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचलं. १९९७ मध्ये त्यांना तिथे रोखणारा संघ युव्हेंटसच होता.

डच लीगने आयाक्ससाठी वेळापत्रक बदललं, हे खरं का? ते न्याय्य होतं का?

खरं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली लीगची ३३ वी फेरी सगळ्याच क्लबांसाठी १२ मेवर ढकलली, आणि शेवटची फेरी १५ मेवर. एकट्या आयाक्सचा सामना हलवला नाही, कारण शेवटच्या दोन फेऱ्या सर्वांनी एकाच वेळी खेळाव्यात, एकाला दुसऱ्याचा निकाल आधी कळू नये, हे तत्त्व पाळायचं होतं. त्यामुळे आयाक्सला उपांत्य फेरीत लंडनच्या टॉटनहॅमविरुद्धच्या पहिल्या सामन्याआधी आठवडाभर विश्रांती मिळाली. टॉटनहॅम मात्र तीन दिवस आधीच वेस्ट हॅमशी खेळून हरलं होतं.

आमचं मत: निर्णय योग्य होता. आयाक्सने युरोपात मिळवलेले गुण डच लीगच्या क्रमवारीत जमा होतात आणि पुढे सगळ्याच डच क्लबांना सोप्या फेऱ्या मिळतात. पीएसव्हीच्या चाहत्यांची नाराजी समजण्यासारखी आहे, पण फेरी सर्वांचीच हलली होती.

टॉटनहॅमशी एकत्रित ३-३ झालं, मग जादा वेळ का नाही?

तेव्हा बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलांना बरोबरीत जास्त वजन होतं. आयाक्सने लंडनमध्ये १ गोल केला (३० एप्रिल, १-०, व्हान डे बेक, १५ वं मिनिट). टॉटनहॅमने अ‍ॅमस्टरडॅममध्ये ३ केले (८ मे, २-३). म्हणून टॉटनहॅम पुढे. हा नियम युएफाने २०२१-२२ च्या हंगामापासून काढून टाकला. आज तोच निकाल लागला असता तर अर्ध्या तासाचा जादा वेळ झाला असता.

डच फुटबॉलला ही जखम नवी नव्हती. २००५ मध्ये पीएसव्ही याच उपांत्य फेरीत मिलानविरुद्ध एकत्रित ३-३ अशा बरोबरीनंतर याच नियमाने बाहेर पडला होता.

२-० ची आघाडी असताना आयाक्स हरलं कसं?

सराव करतानाच नेरेसला दुखापत झाली आणि डोलबर्गला खेळवावं लागलं, त्यामुळे टाडिच बाजूला सरकला. मार्चपासून घट्ट बसलेली घडी विस्कटली. तरी पाचव्या मिनिटाला शोनेच्या कॉर्नरवर डे लिख्त, ३५ व्या मिनिटाला झियेच. एकत्रित ३-०.

मध्यंतराला टॉटनहॅमने मधल्या फळीतल्या वान्यामाला काढून उंचापुरा फर्नांडो योरेन्तेला आणलं. डाव साधा होता: चेंडू थेट वर टाकायचा, योरेन्तेने डोक्याने किंवा छातीने खाली ठेवायचा, सुटलेल्या चेंडूवर धावायचं. म्हणजे आयाक्सच्या झडपेवरूनच चेंडू पलीकडे जात होता. मधल्या फळीतली त्यांची सगळी मेहनत बाजूला पडली. ५५ व्या मिनिटाला लुकास मोराने प्रतिहल्ल्यात गोल केला. ५९ व्याला ओनानाने योरेन्तेचा जवळचा फटका अडवला, पण चेंडू हातातून सुटला आणि गर्दीत लुकासने वळून मारला.

नंतर झियेचचा फटका खांबाला लागला, तर दुसरीकडे व्हेर्तोंगनचा हेडर आडव्या खांबाला. टेन हाख यांनी शोनेच्या जागी व्हेल्टमान, डोलबर्गच्या जागी सिंकग्राव्हन, आणि अगदी शेवटी व्हान डे बेकच्या जागी बचावपटू मागायान असे बदल केले. तिन्ही बदल बचावाकडे झुकणारे होते. चेंडू स्वतःकडे ठेवणारे पाय कमी झाले आणि आयाक्स हळूहळू आपल्याच गोलासमोर ढकललं गेलं. पाच मिनिटांची भरपाई वेळ संपत आली असताना मागून एक लांब चेंडू आला, योरेन्तेने तो अडवला, डेली अ‍ॅलीने पुढे सरकवला आणि लुकासने डाव्या पायाने कोपऱ्यात ठेवला.

याला निव्वळ दुर्दैव म्हणणं आम्हाला पटत नाही. नेरेसची दुखापत आणि खांब हे दुर्दैव. उंच चेंडूंवरचा कमकुवतपणा मात्र जुना होता, तो कुणीतरी शोधून काढणारच होतं.

टॉटनहॅम तिथवर पोहोचण्यात पीएसव्हीचा हात होता म्हणतात, कसा?

पीएसव्ही, टॉटनहॅम, इंटर आणि बार्सिलोना एकाच गटात होते. ११ डिसेंबर २०१८ ला शेवटच्या फेरीत पीएसव्हीने मिलान शहरात इंटरला १-१ असं रोखलं, गोल हिर्व्हिंग लोझानोचा. इंटर जिंकलं असतं तर टॉटनहॅम बाहेर गेलं असतं. त्याच रात्री बार्सिलोनात टॉटनहॅमसाठी बरोबरीचा गोल कुणी केला? लुकास मोराने.

डच चषकाची वाट कशी होती?

पहिल्या फेरीत हौशी क्लब ते व्हेर्व्हेवर ७-०. उपांत्यपूर्व फेरीत हेरेनव्हेनला हरवलं, त्या ४-४ च्या चारच दिवसांनी. उपांत्य फेरीत २७ फेब्रुवारीला रॉटरडॅममध्ये फेयेनूर्दवर ३-०, ज्या मैदानावर महिन्याभरापूर्वी सहा गोल खाल्ले होते तिथेच. अंतिम सामना ५ मे रोजी त्याच डे काउप मैदानात, विलेम टूविरुद्ध, म्हणजे टॉटनहॅमच्या दोन सामन्यांच्या बरोबर मध्ये. ४-०: ब्लिंट, हुंटेलारचे दोन आणि रास्मुस क्रिस्टेन्सेन. बाकावरच्या खेळाडूंनी तो चषक जिंकायला मोठा हातभार लावला. क्लबचा हा १९ वा चषक.

३४ या आकड्याला इतकं महत्त्व का?

हे आयाक्सचं ३४ वं लीग विजेतेपद होतं, २०१४ नंतरचं पहिलं. अब्देलहक नुरीच्या पाठीवरचा क्रमांकही ३४. हा गुणी मध्यरक्षक ८ जुलै २०१७ ला ऑस्ट्रियातल्या एका सराव सामन्यात मैदानावर कोसळला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे पुन्हा खेळू शकला नाही. डे योंग, व्हान डे बेक, डे लिख्त त्याच्याबरोबरच वाढलेले. म्हणून त्या विजेतेपदाच्या वेळी जो-तो ३४ म्हणत होता.

टाडिचचे गोल किती?

लीगमध्ये २८, पीएसव्हीच्या लूक डे योंगसह संयुक्त अव्वल. सर्व स्पर्धांत ३८.

संघ एवढा चांगला होता तर फोडला का?

डच लीगचं दूरचित्रवाणीचं उत्पन्न इंग्लंड-स्पेनच्या तुलनेत फार कमी आहे. खेळाडू विकल्याशिवाय आयाक्सचा हिशेब जुळत नाही. डे लिख्त जुलै २०१९ मध्ये ७ कोटी ५० लाख युरोंना युव्हेंटसला गेला. शोने जेनोआला, डोलबर्ग नीसला. झियेच आणि व्हान डे बेक २०२० मध्ये इंग्लंडला गेले, मझरावी, ओनाना, ताग्लियाफिको यांनी २०२२ मध्ये क्लब सोडला. आणि उपांत्य फेरी गाठूनही पुढच्या ऑगस्टमध्ये लीग विजेत्या आयाक्सला पुन्हा पात्रता फेरीतच ग्रीसच्या पीएओकेशी खेळावं लागलं.

जुन्या सामन्यांच्या तारखा भारतात एका दिवसाने वेगळ्या का दिसतात?

चॅम्पियन्स लीगचा रात्री ९ चा सामना आपल्याकडे हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर १:३० ला आणि युरोपची घड्याळं पुढे गेल्यावर, म्हणजे मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत, १२:३० ला सुरू होतो. त्यामुळे ८ मेचा टॉटनहॅम सामना पुण्यात किंवा पणजीत पाहणाऱ्यासाठी ९ मे उजाडला होता. शोधताना युरोपची तारीख वापरा. लीगचा रविवारी दुपारी २:३० चा सामना आपल्या संध्याकाळी ६ ला (हिवाळ्यात ७ ला) येतो, तो बघायला सोयीचा.

सगळं बघायला वेळ नाही. कोणते सामने बघू, आणि कशाकडे लक्ष देऊ?

पाच पुरेत, तारखेच्या क्रमाने. बायर्नशी ३-३: झडप कशी घालतात ते इथे कळतं. फेयेनूर्दकडून २-६: हा टाळू नका, झडप चुकली की मागे किती मोकळं मैदान पडतं ते इथे दिसतं. माद्रिदमधला ४-१: चेंडू सोडून पहिली वीस मिनिटं फक्त टाडिचकडे पाहा. पीएसव्हीवर ३-१: दहा जण झाल्यावर आयाक्स मागे बसतं का ते बघा. शेवटी टॉटनहॅमचा परतीचा सामना, शक्यतो पूर्ण. ४६ व्या मिनिटापासून योरेन्ते कुठे उभा राहतो आणि डे लिख्तला किती वेळा एकट्यानेच त्याच्याबरोबर उडी घ्यावी लागते, ते मोजा.